भाडेकरूच म्हणतोय, 'विकता का?'

रविवारी सकाळी साडेआठला भाडेकरूचा फोन. मला वाटलं, झालं, पुन्हा गीझर! पण नाही. 'ताई, फ्लॅट विकायचा विचार असेल तर आधी आम्हाला सांगा ना. मुलाची शाळा इथेच आहे.'

फ्लॅट म्हणजे कोथरूडचा वन बीएचके. बाबांनी पीएफच्या पैशांतून घेतलेला, आता आईच्या नावावर. आई लगेच विरघळली. 'चांगली माणसं आहेत गं. थोडं कमी घेऊ.' म्हटलं, थांब, आधी कॅल्क्युलेटर!

भाडं १८ हजार, मेंटेनन्स अडीच हजार. हातात वर्षाला १ लाख ८६ हजार. किंमत ७० लाख धरली, तर जेमतेम पावणेतीन टक्के. यापेक्षा जास्त तर एफडी देते! अर्थात, विकलं की टॅक्स आलाच. आमच्यासारखं २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल, तर नफ्यावर साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशन लावून वीस टक्के, जे कमी पडेल ते.

मग भाडेकरूलाच विकण्यात फायदा काय? एजंटचं कमिशन वाचतं, घर रिकामं पडत नाही, आणि भिंतीला ओल कुठे येते हे त्याला आधीच ठाऊक असतं. सूट द्यायची, तर या वाचलेल्या पैशांएवढीच. आणि व्यवहार पूर्ण होईपर्यंत लीव्ह अँड लायसन्सचा करार चालू, भाडंही चालू. 'भाडं किमतीतून वळतं करा' वगैरे गोड बोलणं नाही. आधी बँकेचं लोन मंजूर झाल्याचं पत्र, मग टोकन, तेही लेखी.

मी खूश. आई मात्र गप्प. शेवटी म्हणाली, 'मला पेन्शन नाही. ते भाडं माझा पगार आहे. उद्या सगळे पैसे बँकेत गेले, की प्रत्येक साडीला तुम्ही विचाराल, कशाला हवी?'

हे कॅल्क्युलेटरमध्ये नव्हतं, बॉस.

तर ठरलं असं: बाजारभावातून फक्त कमिशन वजा करून विकायचं. टॅक्स भरून उरलेली रक्कम आईच्या एकटीच्या नावावर, दरमहा व्याज तिच्या खात्यात. एटीएम कार्ड तिच्याच पर्समध्ये.

पिन? मी विचारला नाही. तिने सांगितलाही नाही.