जुन्या डब्यात नवा संसार

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची तारीख ठरली आणि घरात रोज रात्री जेवणानंतर न्यायालय भरू लागलं. काय न्यायचं आणि काय टाकायचं? वाशीतली ही सिडकोची इमारत, तिच्यात इतकी वर्षं काढली म्हटल्यावर आरोपींची संख्या मोठी. न्यायाधीश अर्थातच सौभाग्यवती. पाटा-वरवंटा सुटला, आईचं शिवणयंत्र सुटलं, माझ्या मासिकांच्या गठ्ठ्यांना मात्र जन्मठेप न होता थेट फाशी झाली. आणि मग माळ्यावरून तो पिवळट पडलेला पत्र्याचा डबा खाली आला. त्याच्यावर निकाल द्यायला न्यायाधीशांचीच जीभ रेटेना.

हा डबा म्हणजे आमच्या पहिल्या संगणकाचं कॅबिनेट. १९९७ साली लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग निवडून संगणक जुळवून घेतला आणि हार्बरच्या गाडीतून मांडीवर घेऊन वाशीला आणला. मॉनिटर धाकट्या भावाच्या मांडीवर. पुढची सात-आठ वर्षं सौभाग्यवतीने त्याच्यावर डीटीपीची कामं केली. लग्नपत्रिका, सोसायट्यांची परिपत्रकं, हळदीकुंकवाची आमंत्रणं, विद्यार्थ्यांचे प्रबंध. या घराच्या कर्जाचे कितीतरी हप्ते त्या डब्यातून निघाले आहेत, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण ठाऊक सर्वांना आहे.

"मामा, भंगारवाल्याला द्या आणि मोकळे व्हा," इति भाचा. तो इंजिनीअरिंगला आहे. तसाही घरात नवा संगणक घ्यायचाच होता, कारण विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सध्याचं यंत्र पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नव्हतं. मी सहज म्हणालो, "नवा संगणक याच डब्यात बसवता येईल का रे?" तो हसला. मग मोजपट्टी घेऊन बसला आणि तासाभराने त्याचं हसू मावळलं होतं.

वाचकहो, मला यातलं पूर्वी काही कळत नव्हतं. आता थोडं कळतं. आपण समजतो की संगणक दर दोन वर्षांनी बदलतो. आतला बदलतो, पत्रा नाही. मागच्या बाजूला ज्या खाचांत कार्डं बसतात त्यांच्यातलं अंतर ०.८ इंच. आयबीएमने १९८३ साली आपल्या 'एक्सटी' संगणकात ते ठेवलं आणि आज दुकानात मिळणारा मदरबोर्डही तेच पाळतो. नवा पॉवर सप्लाय जुन्याच्या जागी, जुन्याच चार भोकांत बसला. १५० बाय ८६ मिलिमीटर हे त्याच्या पाठीचं माप तेव्हाचंच. इंटेलने १९९५ साली 'एटीएक्स' नावाची मापं जाहीर केली, तेव्हा आधीच्या पद्धतीतली काही भोकं मुद्दाम तशीच ठेवली. त्यामुळे नव्या बोर्डासाठी काही पितळी खुंट्या जुन्याच जागी लागल्या, दोन भोकं मात्र नव्याने पाडावी लागली.

अडलं ते मागच्या बाजूला. आमचं कॅबिनेट त्याआधीच्या 'एटी' पद्धतीचं. त्याला मागे फक्त कीबोर्डासाठी एक गोल भोक. नव्या बोर्डाची सगळी तोंडं एका आयताकृती खिडकीतून बाहेर येतात, सुमारे १५९ बाय ४४ मिलिमीटरच्या. ती खिडकी कापणार कोण? तुर्भ्याला खिडक्यांच्या ग्रिल बनवणारा एक कारागीर ओळखीचा आहे, त्याच्याकडे रिकामा पत्रा घेऊन गेलो. त्याने खडूने रेघ मारली, ग्राइंडर फिरवला आणि कानशीने कडा घासून दिल्या. पैसे घेताना एवढंच विचारलं, "साहेब, नवीन डबा नाही मिळत का?"

मिळतो की! साधा नवा डबा दीड-दोन हजारांत मिळतो. आमचा खटाटोप त्याहून महाग पडला, आणि चार रविवार गेले ते वेगळेच. तेव्हा काटकसरीचं कारण मी पुढे करणार नाही. पर्यावरणाचंही फारसं नाही. कॅबिनेटचं पोलाद भंगारात गेलं तरी वितळून परत कामाला येतं. काळजी करण्यासारखं असतं ते बाकीचं: जुन्या मॉनिटरच्या काचेतलं शिसं, बोर्डावरच्या डाखातलं शिसं. ते गल्लीतल्या हातगाडीवर न टाकता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे गेलं पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण डबा वाचवून मी पृथ्वी वाचवली, असं म्हणणं म्हणजे निव्वळ बढाई.

आणखी एक गोष्ट उत्साही मंडळींना सांगितलीच पाहिजे. या जुन्या डब्यांच्या दर्शनी बटणापर्यंत थेट भिंतीतली २३० व्होल्टची वायर येते. बटण दाबलं की 'टक्' असा खणखणीत आवाज व्हायचा, तो खराखुरा विजेचा खटका होता. नव्या बोर्डाला नुसती क्षणभराची खूण लागते, दारावरच्या घंटीसारखी. ती जुनी वायर मुळापासून काढल्याशिवाय पुढचं काम करू नये, आणि ज्याला यातलं कळत नाही त्याने ते शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं. भाच्याने मूळचं बटण बाद केलं आणि शेजारचं 'रीसेट'चं बटण चालू-बंदसाठी जोडलं. ते घंटीच्याच जातीचं असतं.

उष्णतेचंही पाहावं लागलं. आमचा जुना पेंटियम जेमतेम पंधरा वॅटच्या आसपासचा. त्या काळी पॉवर सप्लायचा एक पंखा साऱ्या डब्याला पुरायचा. आताचा साधा घरगुती प्रोसेसरही ६५ वॅटचा म्हणून विकतात आणि जोर लागला की तो त्याच्याही वर जातो. पुढच्या बाजूला एक पंखा वाढवला. खेळांसाठीचं हातभर लांब ग्राफिक्स कार्ड मात्र इथे शिरणार नाही, त्याचा नाद सोडला.

मग एवढा अट्टहास का? कारण मला राग आला होता, आणि तो अजून आहे. पत्र्याची मापं चाळीस वर्षं टिकवता आली, कारण अनेक कंपन्यांना एकमेकींचे भाग चालावेत असं वाटत होतं. आज कित्येक लॅपटॉपांत मेमरी बोर्डालाच डाखलेली असते, बॅटरी गोंदाने चिकटवलेली. काही नामवंत तयार संगणकांतला पॉवर सप्लाय दुसऱ्या कशाला चालत नाही. हे तंत्रज्ञानाची अपरिहार्यता म्हणून आपल्या गळी उतरवतात. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही काढलं, पण ग्राहक दुकानात "हे उघडता येतं का?" असं विचारू लागत नाही तोवर त्याचा उपयोग किती?

आणि पत्र्यापुरतं ठीक, अक्षरांचं काय? सौभाग्यवतीच्या फ्लॉप्या निघाल्या. त्यातल्या निम्म्या वाचल्या गेल्या, पण उघडल्यावर मराठीऐवजी पडद्यावर कंस, टक्के आणि उलटे स्वल्पविराम! त्या काळी प्रत्येक फाँटवाल्याची अक्षरांची मांडणी वेगळी. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण सरकारने केलं होतं, पण डीटीपीच्या बाजारात ज्याची त्याची चूल निराळी. पुण्याच्या सी-डॅकचं 'जिस्ट' कार्डही माझ्या एका मित्राकडे पडून आहे. ते ज्या खाचेत बसे ती खाच नेहमीच्या बोर्डांवरून केव्हाच गेली. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, त्यांच्यावर भाचा सध्या एकेक फाइल चालवतो आहे. र्‍हस्व वेलांट्या भलत्या जागी जातात, जोडाक्षरं फुटतात. सौभाग्यवती चष्मा लावून दुरुस्त करत बसते.

डब्याच्या तोंडावर तीन आकडी लाल दिवे आहेत. पूर्वी तिथे १६६ दिसे आणि पाहुण्यांना आम्ही ते वेग म्हणून दाखवायचो. भाच्याने उघडून दाखवलं: ते दिवे काहीच मोजत नव्हते, मागच्या छोट्या खुंट्या लावून दुकानदाराने हवा तो आकडा बसवलेला! नव्या यंत्राचा वेग चार आकडी, तो मावणार नाही. "मग काय लावू, मामी?" त्याने विचारलं. फाइलवरून नजर न काढता ती म्हणाली, "दोनशे चार." तो आमच्या या घराचा नंबर. पुढच्या आठवड्यात आम्ही भाड्याच्या घरी जातो आहोत. डबा या खेपेलाही मांडीवरूनच न्यायचा आहे.