वस्ती नवी, माणसं तीच

मुलांनो, व्याकरणाच्या तासाला विसर्गसंधी शिकलात ना? मग सांगा बघू, 'पुनर्विकास' या शब्दाची फोड काय? बरोबर! पुनः अधिक विकास. पण हा शब्द हल्ली पुस्तकापेक्षा घरातच जास्त ऐकू येतो. रात्री जेवताना आई-बाबा त्यावर बोलतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावरून आवाज चढतात. "बाई, आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली," असं मधल्या सुट्टीत कुणीतरी सांगतं आणि पुढच्या जूनमध्ये त्या मुलाची बाकावरची जागा रिकामी असते.

शब्दाची फोड सोपी आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पुन्हा विकास, पण कोणाचा? विटा-सिमेंटचा, की तिथे राहणाऱ्या माणसांचा? याचं उत्तर शोधायला आज आपण मुंबईतल्या बीडीडी चाळींमध्ये जाऊ या.

शंभर वर्षांपूर्वीची घरं

मुंबईत कापडगिरण्या भरभराटीला आल्या तेव्हा कोकणातून, घाटावरून माणसं कामाला येऊ लागली. काम मिळे, पण राहायला जागा मिळेना. एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसं दाटीवाटीने राहत. तेव्हा सर जॉर्ज लॉईड हे मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या काळात, १९२० साली, सरकारने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' नावाचं खातं काढलं. त्याचीच आद्याक्षरं म्हणजे बीडीडी. या खात्याने वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ चाळी बांधल्या. करा बेरीज! २०७ झाल्या ना?

आता थोडा गुणाकार. तळमजला धरून चार मजले, एका मजल्यावर वीस खोल्या. म्हणजे एका चाळीत ८०. आणि २०७ चाळींत? साडेसोळा हजारांच्या आसपास. एकेक खोली १६० चौरस फुटांची. मधे लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या आणि शौचालय मजल्याला सामाईक.

या एवढ्याशा खोल्यांत गिरणी कामगार, पोलीस, सफाई कामगार यांच्या पिढ्या वाढल्या. एका गावची बिऱ्हाडकरू माणसं एकत्र खोली घेऊन राहत, कुणाची बायको खाणावळ चालवी, गणपतीत अख्खी चाळ एका घरासारखी होई. वरळीच्या जांबोरी मैदानावरची दहीहंडी तर तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असेल.

पण बरं का, आठवणी गोड असल्या तरी छत गळायचं थांबत नाही. शंभर वर्षांत सिमेंटचे पोपडे पडले, आतल्या सळया गंजल्या. खोली तेवढीच राहिली आणि माणसं वाढली. वडील रात्रपाळी करून येऊन झोपले की मुलांनी पाढे मनातल्या मनात म्हणायचे. दहावीचा अभ्यास जिन्यात नाहीतर पॅसेजच्या दिव्याखाली. सकाळी बादली घेऊन रांग. आजारी आजीने रात्री-अपरात्री काठी टेकत पॅसेजच्या टोकाला जायचं. हे सगळं 'चाळीची मजा' म्हणून सांगणं सोपं आहे, सोसणं सोपं नाही.

डब्यांचं गणित

२०१६ साली राज्य सरकारने ठरवलं की वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींच्या जागी नव्या इमारती बांधायच्या. काम 'म्हाडा'कडे दिलं. (शिवडीची जमीन बंदराची, म्हणजे केंद्राच्या ताब्यातली, म्हणून ती या आराखड्यात आली नाही.) प्रत्येक कुटुंबाला तिथेच ५०० चौरस फुटांचं घर द्यायचं, तेही फुकट आणि मालकीचं!

तुम्ही म्हणाल, "फुकट? मग पैसे कोण देतं?" छान प्रश्न. त्यासाठी तुमचे डबे काढा. वर्गातल्या चाळीस मुलांचे डबे जमिनीवर शेजारी शेजारी मांडले, तर अर्धा वर्ग भरून जाईल. तेच पाच-पाच डबे एकावर एक रचले, तर एका कोपऱ्यात मावतील आणि बाकीची जमीन मोकळी होईल. इथेही तसंच आहे. चार मजली चाळी जमिनीवर पसरलेल्या होत्या. त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या केल्या की जमीन उरते. उरलेल्या जमिनीवर आणखी घरं-दुकानं बांधायची, ती बाजारभावाने विकायची आणि त्या पैशातून चाळकऱ्यांची घरं बांधायची. मुंबईत जागेला सोन्याचा भाव आहे म्हणून हे गणित जमतं. लहान गावात ते असं जमेलच असं नाही.

नवं घर काय देतं?

२०२५ सालच्या १४ ऑगस्टला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. चाळीस मजली इमारत, दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. पण चौरस फुटांच्या पलीकडे काय मिळालं ते बघू.

पहिली गोष्ट म्हणजे घरातलं शौचालय. हे वाचून हसू नका! मोठ्या मुलींना, म्हाताऱ्या माणसांना, बाळंतिणीला त्याचं मोल विचारा. दुसरी गोष्ट, दार लावून अभ्यास करता येईल असा कोपरा. तिसरी गोष्ट कागदावरची आहे. चाळकरी हे सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचे भाडेकरू होते. आता घराच्या कागदावर मालक म्हणून नाव लागणार. ज्याच्या आजोबांनी आयुष्यभर भाड्याची पावती जपली, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट!

आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. घर बदललं, पण पत्ता तोच राहिला. तीच शाळा, तोच दवाखाना, तीच बसची रांग. आईचं काम सुटत नाही, बाबांना पहाटे चारला उठून लांबची लोकल पकडावी लागत नाही. शेजारीही तेच.

हे किती महत्त्वाचं आहे ते कळायला फार लांब जायला नको. नायगाव आणि डिलाईल रोडच्या चाळींच्या आजूबाजूलाच गिरणगाव होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. नंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांची जमीन विकसित करताना तिचे तीन भाग करायचे होते. एक भाग शहरासाठी मोकळी जागा, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि हा हिशोब फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. ज्यावर गिरणीची इमारत होती, ती जमीन त्यातून सुटली. प्रकरण कोर्टात गेलं, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियमच कायम ठेवला. आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी चकचकीत मॉल आहे, आजूबाजूला काचेची ऑफिसं आहेत. परिसराचा विकास झाला, यात शंकाच नाही. पण गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले आणि त्यातल्या थोड्यांनाच लॉटरीत घर लागलं. काहींना लागलं ते पनवेलजवळच्या कोनला!

दोन्हीकडे जुनं गेलं आणि नवं आलं. दोन्हीकडे उंच इमारती उभ्या राहिल्या. पण एका ठिकाणी जुनी माणसं पुन्हा तिथेच आली आणि दुसऱ्या ठिकाणी बहुतेकांना दुरून बघावं लागलं. पुनर्विकासाचा खरा फायदा झाला की नाही, हे इमारतीच्या उंचीवरून नाही, तर आत राहायला कोण आलं यावरून ठरवायचं.

सगळंच गोड नाही

आता दुसरी बाजूही बघायला हवी. या कामाचं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं. त्या जूनमध्ये पहिलीत गेलेलं मूल पहिल्या चाव्या मिळाल्या तेव्हा नववीत होतं! आणि या चाव्या फक्त ५५६. एकट्या वरळीत ९,६८९ घरं द्यायची आहेत. मोठ्यांच्या दृष्टीने काही वर्षांचा उशीर, पण मुलाचं अख्खं बालपण त्यात निघून जातं. काम चालू असताना कुणी संक्रमण शिबिरात राहतं, कुणी भाड्याच्या घरात. शाळा लांब पडते. वर्गात मधेच एखादं नवं मूल आलं, तर त्याला "तू कुठला?" असं विचारून थांबू नका. डबा घेऊन त्याच्या शेजारी बसा. कदाचित त्याचं घर सध्या फक्त नकाशावर असेल.

दुसरी गोष्ट खर्चाची. चाळीचं भाडं अगदी कमी होतं. चाळीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पाण्याचा पंप, साफसफाई यांचा खर्च दर महिन्याला येणार. घर फुकट मिळालं तरी ते चालवणं फुकट नसतं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो पॅसेज! तिथे मुलं क्रिकेट खेळली, बायकांनी पापड वाळवले, आजारी माणसाजवळ रात्रभर बसायला शेजारी आले. चाळीत दार उघडं असायचं, टॉवरमध्ये ते लागलेलं असतं. बिल्डर किंवा सरकार भिंती बांधून देऊ शकतं, शेजार बांधून देऊ शकत नाही. तो आपणच बांधायचा असतो. नव्या इमारतीत दर मजल्यावर निदान एकदा तरी सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरवलं, तर सुरुवात होईल, नाही का?

करून पाहा

या रविवारी खडू आणि मोजपट्टी घेऊन मैदानात जा. १६ फूट लांब आणि १० फूट रुंद असा आयत आखा. ही झाली चाळीतली १६० चौरस फुटांची खोली. तुमच्या घरातली माणसं, पलंग, कपाट, गॅस, पाण्याचं पिंप सगळं त्यात बसवा. दाटीवाटी होते का? मग शेजारी २५ फूट लांब आणि २० फूट रुंद आयत आखा. हे ५०० चौरस फूट. यात तुमच्या अभ्यासाचं टेबल कुठे ठेवाल? आणि हो, दोन्ही आयतांच्या बाहेर खेळायला किती जागा उरली, तेही पाहून ठेवा.

पालकहो, तुमच्या इमारतीचा पुनर्विकास निघाला असेल, तर मीटिंगमध्ये क्षेत्रफळ आणि भाडं यांबरोबर आणखी चार प्रश्न जरूर विचारा. मधल्या काळात मुलांच्या शाळेचं काय? काम कधी संपेल, आणि तसं करारात लिहिलंय का? दर महिन्याचा खर्च किती येईल? खेळायला जागा कुठे? उत्तरं मिळाली की घरी आल्यावर मुलांनाही सांगा. ज्या घरात ती पुढे सगळ्यात जास्त वर्षं राहणार, त्याबद्दल त्यांना आधी कळायला नको का?

मुलांनो, तुमच्या आयतात काय काय मावलं आणि काय बाहेर राहिलं, ते मला जरूर लिहून पाठवा. चित्र काढलंत तर फारच छान!

— तुमच्या बाई