या हातातून त्या हातात

‘आता कशाला हवा तो पसारा? सगळं मोबाइलवर मिळतं की!’ हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येतं. परीक्षा संपल्या, कपाटं आवरायला काढली, की जुन्या वह्यांच्या जोडीला ‘चंपक’, ‘ठकठक’, चाचा चौधरी, अमर चित्रकथा असं सगळं एकाच तागडीत बसतं आणि किलोच्या भावानं जातं. रद्दीवाला खूश, कपाट मोकळं झालं म्हणून आपणही खूश. पण मैत्रिणींनो, कॉमिक्स कागदावर वाचावीत की पडद्यावर, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. तो फक्त मुलांचा किंवा हौशी संग्राहकांचाही नाही. तो घरातल्या मुलीचा आहे, आणि म्हणून आपला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज चाळिशीत असलेल्या आम्हा बऱ्याच जणींना वाचनाची गोडी लागली ती चित्रांतूनच. अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्रकथा सुरू केली. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, हे पाहून ही कल्पना सुचली, असं ते सांगत. त्या पुस्तकांची चित्रं काढणाऱ्यांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी आपली मराठी माणसं होती. त्याआधी १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाली होती. वेताळ, मँड्रेक आणि पुढे आबिद सुरती यांचा बहादूर यांनी एका अख्ख्या पिढीला वेड लावलं. १९९० साली ती बंद पडली. प्राण यांचे चाचा चौधरी तर एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला चिमट्यानं लटकलेले असायचे. ‘चांदोबा’ काटेकोर अर्थानं कॉमिक्स नव्हे, पण १९५२ पासून मराठीत येणाऱ्या त्या मासिकातलं खांद्यावर प्रेत घेऊन निघालेल्या विक्रमाचं चित्र कोण विसरेल?

यातलं फारच थोडं आमच्या घरात विकत आलेलं असायचं. बाकीचं सगळं मागून आणलेलं. आमच्या गल्लीत एक कॉमिक आलं, की ते निदान पाच-सहा घरं फिरायचं. परत येईस्तोवर त्याचं मुखपृष्ठ गळालेलं असायचं आणि शेवटच्या पानावर कुणीतरी चाचा चौधरींना आणखी मोठ्या मिशा काढलेल्या असायच्या. आई कुरकुरायची, पण द्यायला नाही म्हणायची नाही. द्यायचं आणि मागायचं, हे त्या वाचनाचंच अंग होतं.

आता आजची गोष्ट. माझे धाकटे दीर इंद्रजालचे भक्त. त्यांची एक लोखंडी ट्रंक आहे, तिच्यात अंकांच्या क्रमानं लावलेली कॉमिक्स, मधे डांबराच्या गोळ्या. माझा भाचा, म्हणजे नणंदेचा मुलगा, पुण्यात शिकतो. तो जपानी कॉमिक्स, ज्यांना ‘मांगा’ म्हणतात, ती टॅबवर वाचतो. गणपतीत सगळे जमले की दोघांची जुंपते. भाचा म्हणतो, ‘मामा, तुमचं ट्रंकेत पडून आहे, माझं माझ्या खिशात आहे.’ दीर म्हणतात, ‘खिशात आहे रे, पण तुझं आहे का?’ आम्ही बायका मोदक वळता वळता ऐकत असतो. गंमत म्हणजे दोघांचंही बोलणं खरं आहे.

आधी भाच्याची बाजू. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात पुस्तकाचं दुकान म्हणजे शालेय पुस्तकं, गाइडं आणि वह्या. कॉमिक्स हवं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा, नाहीतर पार्सल मागवा. मोबाइलवर मात्र जपानमध्ये ज्या दिवशी नवा भाग निघतो, त्याच दिवशी तो इथल्या मुलाला वाचता येतो. २०१९ पासून तिथल्या प्रकाशकानंच तशी अधिकृत सोय केली आहे. ‘टिंकल’, अमर चित्रकथा यांचीही अ‍ॅप्स आहेत. बालभारतीनं ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक फुकट वाचायला ठेवले आहेत. माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. रद्दीत गेलेलं बालपण कुणीतरी जपून परत आणून दिलं! शिवाय अक्षर मोठं करता येतं. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूमुळे छापील फुग्यांतली बारीक अक्षरं दिसत नव्हती, तेव्हा नातवानं टॅबवर दोन बोटांनी चित्र मोठं करून दिलं आणि त्यांनी अख्खी गोष्ट वाचली. तेव्हा ‘मोबाइल म्हणजे वाईटच’ असं सरसकट म्हणणाऱ्यांतली मी नाही.

आता दिरांच्या प्रश्नाकडे येऊ. विकत घेतलेलं डिजिटल पुस्तक खरंच आपलं असतं का? २००९ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉननं जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तकं, विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलं. २०१९ साली मायक्रोसॉफ्टनं आपलं पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंही त्याबरोबर गेली. तिथेही पैसे परत मिळाले. डिजिटल कॉमिक्सचं मोठं नाव असलेलं ‘कॉमिक्सॉलॉजी’ हे अ‍ॅप २०२३ च्या अखेरीस बंद होऊन किंडलमध्ये विलीन झालं. वाचकांची कॉमिक्स टिकली, पण वर्षानुवर्षं ओळखीचं झालेलं कपाट गेलं. म्हणजे आपण तिथे विकत घेतो ती वाचायची परवानगी, वस्तू नव्हे. घर भाड्याचं असावं आणि आपण मात्र मालकाच्या थाटात खिळे ठोकावेत, तसं हे आहे.

आपल्या ‘चांदोबा’चं उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारं. २०१३ च्या सुमारास छापील अंक यायचे थांबले. पुढे काही वर्षांत त्याचं मूळ संकेतस्थळही बंद पडलं. पण ज्यांच्या घरी बाइंडिंग केलेले जुने खंड आहेत, त्यांच्याकडे विक्रम आजही वेताळाला खांद्यावर घेऊन चालतोच आहे. त्याला चार्जिंग लागत नाही की पासवर्ड लागत नाही.

तरीसुद्धा, मालकी हा माझ्या मते दुसरा मुद्दा. पहिला मुद्दा वेगळाच आहे, आणि कागद विरुद्ध पडदा या वादात तो कुणी बोलतच नाही. मोबाइलवर सगळं मिळतं म्हणता, पण मोबाइल कोणाचा?

मी बचत गटाच्या कामानिमित्त वस्तीतल्या घरांत जाते. घरात एक चांगला फोन असतो, तो वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा. मुलगा तो मागून घेतो, नाही दिला तर हिसकावून घेतो. मुलीनं हातात घेतला की लगेच प्रश्न, ‘कोणाला फोन करतेस? काय बघतेस?’ हा काही माझ्या एकटीचा अनुभव नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालात २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी होती. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के आणि मुली सुमारे २० टक्के. निम्म्याहून कमी! मोठ्या बायकांचंही फारसं निराळं नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या जेमतेम ५४ टक्के निघाल्या. आणि हा साधा मोबाइलसुद्धा धरून!

आता सांगा, ज्या घरात फोनच मुलीच्या वाट्याला येत नाही, तिथे कॉमिक्स ‘सगळ्यांसाठी’ मोबाइलवर आहेत असं म्हणण्याला काय अर्थ? कागदाचं कॉमिक मात्र गादीखाली राहतं. दप्तरात मावतं. भाकरी भाजून झाल्यावर चुलीशेजारी बसूनही वाचता येतं. कोणी विचारलं, ‘काय बघतेस?’ तर समोर धरून दाखवता येतं. त्यात संशयाला जागाच नाही. आमच्या वस्तीतली सहावीतली एक मुलगी झाशीच्या राणीचं कॉमिक तीनदा घेऊन गेली. मी विचारलं, ‘अगं, पाठ झालं असेल की आता!’ तर म्हणाली, ‘मला झालंय बाई, आता आईला वाचून दाखवते. तिला चित्रं बघून कळतं.’ जिला अक्षर येत नाही अशा आईपर्यंत गोष्ट पोचली, ती अशी.

वाचण्याची तऱ्हाही वेगळी असते. कॉमिक्सचं पान चित्रकारानं पूर्ण पान म्हणून मांडलेलं असतं. कोणतं चित्र मोठं, कोणतं लहान, पान उलटल्यावर काय दिसेल, हे सगळं ठरवून केलेलं असतं. फोनवर एकेक चौकट सरकवत गेलं, की गोष्ट कळते पण पानाची मजा जाते. आणि मधेच वरून मेसेज टपकतो, गोष्ट तिथेच राहते, मूल दुसरीकडेच पोचतं. दोन भावंडं एका पुस्तकावर डोकं टेकवून वाचतात, ‘थांब, पान उलटू नकोस’ म्हणून भांडतात. ते भांडणसुद्धा मला हवंहवंसं वाटतं.

कुणी म्हणेल, ताई, हे सगळं ठीक, पण छापील कॉमिक्स महाग झालीत. खरं आहे. घरखर्चातून पैसे बाजूला काढताना दहादा विचार करावा लागतो. जुने इंद्रजाल तर शौकीन मंडळी आता पुराणवस्तूंच्या भावानं घेतात, ते आपल्या आवाक्यातलं काम नाही. काही जण त्या जुन्या अंकांची पानं स्कॅन करून एकमेकांना पाठवतात. दुर्मीळ गोष्टी टिकतात हे मान्य, पण जी पुस्तकं आज बाजारात आहेत त्यांच्याही अशाच नकला फिरतात, तेव्हा लिहिणाऱ्याच्या आणि चित्र काढणाऱ्याच्या हाती एक पैसा पडत नाही. आपल्या घरी केलेल्या पापडाचे पैसे कुणी बुडवले तर चालेल का आपल्याला?

महागाईवर उपाय आपल्याच परंपरेत आहे. एकीनं दहा घेण्यापेक्षा दहाजणींनी एकेक घ्यावं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, गाळण्या वाण म्हणून लुटतो. प्रत्येकीच्या फडताळात अशा दहा वाट्या पडून आहेत. त्याऐवजी पाचजणींनी मिळून चित्रकथा आणाव्यात, एका पेटीत ठेवाव्यात, आणि तेच वस्तीतल्या मुलींना दिलेलं वाण समजावं. आमच्या गटानं असं केलं, तेव्हा सुरुवात बावीस पुस्तकांनी झाली, त्यातली निम्मी जुनी होती. पेटी समाजमंदिरात असते. एका वहीत नाव आणि तारीख लिहायची, आठ दिवसांनी परत करायचं. वही सांभाळायला मुद्दाम आठवी-नववीतली मुलगी नेमली. काही पुस्तकं हरवली, एकाची दोन पानं गेली. जाऊ देत! वापरल्यानं झिजलेलं पुस्तक कपाटात कोरं राहिलेल्यापेक्षा केव्हाही बरं.

जपणूक तर आपल्याला कुणी शिकवायला नको. खाकी कागदाचं कव्हर घालायचं. पिना गंजतात, म्हणून त्या काढून दाभणानं दोरा ओवायचा. पावसाळा संपला की पुस्तकं हवेशीर सावलीत पसरायची, कडक उन्हात नको, रंग उडतात. कसर लागू नये म्हणून सुकलेला कडुलिंबाचा पाला ठेवायचा. धान्य आणि शालू सांभाळणाऱ्या हातांना हे काय अवघड?

तेव्हा भाच्यानं टॅबवर खुशाल वाचावं. सासूबाईंनी अक्षर मोठं करून वाचावं. ‘किशोर’चे जुने अंक मुलांना शेजारी बसवून फोनवर जरूर दाखवावेत. पण मुलीच्या हातात पहिलं कॉमिक द्यायचं, तर ते कागदाचं द्यावं. ते तिचं तिला राहील, मैत्रिणीला देता येईल, उद्या तिच्या मुलीलाही देता येईल. आणि हो, यंदा कपाट आवरताना तो गठ्ठा तागडीत टाकण्याआधी जरा थांबा. शेजारच्या गल्लीत कुणाची तरी लेक तो उघडायला बसली असेल.