मळखाऊ भिंती

कोल्हापूरला मधला मार्ग मानवत नाही, असा या गावाचा लौकिक आहे. रस्सा असला तर तांबडा, नाहीतर पांढरा. दोन्हींच्या मधला बदामी रस्सा काढायची छाती अजून कुठल्याही खानावळवाल्याला झालेली नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जाऊन आलेला माणूस चार दिवस कानामागे गुलाबी राहतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळला की पिवळ्याशिवाय दुसरा रंग जगात आहे यावर विश्वास बसत नाही. अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं, १८८४ साली पुरा झालेला नवा राजवाडा काळ्या दगडाचा, आणि आखाड्यातली माती तांबडी. अशा या गावातली सुशिक्षित मंडळी घराला रंग द्यायची वेळ आली की हल्ली एकजात वाळूचा रंग देतात, याचा मी जाहीर निषेध करतो.

या रंगाचं साहेबी नाव बेज. शब्द मूळचा फ्रेंच. न रंगवलेल्या लोकरीचा जो रंग असतो तो बेज. म्हणजे रंग द्यायचा राहून गेला की जो दिसतो, तो हा रंग! आपल्याकडेही न रंगवलेल्या लोकरीचं घोंगडं मिळतं आणि ते पावसात डोक्यावरून घ्यायला नामी असतं. पण घोंगडं घेताना त्यात रंगाचे पैसे कुणी धरत नाही. आपण मात्र रंग न दिल्यासारखा दिसणारा रंग लिटरच्या भावाने विकत घेतो, वर पेंटरला तीन हात मारायला लावतो.

बरं, वाळूच हवी असेल तर ती भिंतीत आधीच आहे. गिलाव्यात सिमेंटबरोबर वाळू घालतात हे कुठलाही गवंडी सांगेल. आता नदीची वाळू सहजी मिळेना म्हणून गिलाव्यात दगडाचा चुरा जातो. म्हणजे आत वाळू नाही म्हणून बाहेरून वाळूचा रंग! वाणिज्य शाखेच्या पदवीधराला यात हिशेबाची काहीतरी गडबड दिसते.

आपल्या भाषेत रंगांची काय वाण होती? डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, पोपटी, अबोली, श्रीखंडी, विटकरी. नाव घेतलं की तोंडाला पाणी सुटावं, नाहीतर परसातलं झाड आठवावं. ज्या बाबूरावांचं मूळचं मेस्त्री हे आडनाव मागे पडून लोकांच्या तोंडी ‘पेंटर’च राहिलं, त्यांचं हे गाव. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता या माणसाने महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. त्यांच्या गावात आज पेंटर म्हणजे वाळूचे डबे वाहणारा हमाल झाला आहे.

या रंगाच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. तिन्ही मी शांतपणे ऐकले आहेत.

पहिला मुद्दा पेंटरचा. “सायेब, ह्यो घ्या. मळखाऊ हाय.” मळखाऊ हा शब्द मला फार आवडतो, पण शाळेच्या चड्डीपुरता. मळखाऊ म्हणजे मळ होत नाही असं नव्हे. झालेला दिसत नाही. बँकेत वीस वर्षं काढल्यावर मी एवढं नक्की सांगतो, की ज्या खात्यात घाण दिसत नाही तेच खातं तपासनीस आधी उघडतात. पांढरी भिंत निदान खरं बोलते. तेलकट डोकं टेकलं की दुसऱ्या दिवशी तिथे डोक्याची नोंद सापडते.

दुसरा मुद्दा माझ्या मेव्हण्याचा. तो पुण्यात घरं सजवून देतो. “भावोजी, या रंगानं खोली उबदार वाटते.” वाटत असेल, पिवळ्या दिव्याखाली. पण आपण घरभर पांढरे एलईडी लावलेत. त्या उजेडात उबदार वाळूचा पुठ्ठा होतो. शिवाय आपण रंग निवडतो तो दुकानात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यावर. तोच चार भिंतींवर चढला की गडद दिसतो. जुन्या चुन्याइतका उजेड तो परत देत नाही. जुलैमध्ये, सूर्य रजेवर असताना, अशा खोलीत बसलं की आपण खोक्यात घालून कुठेतरी पाठवले जात आहोत असं वाटतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात शहाणा आणि म्हणून सगळ्यात वाईट. “उद्या घर विकायचं झालं तर गिऱ्हाईकाला चालला पाहिजे.” कर्जाच्या फायलींतले मूल्यांकनाचे अहवाल माझ्या हाताखालून बरेच गेले. त्यात क्षेत्रफळ असतं, बांधकामाचं वय असतं, त्या भागातला दर असतो. दिवाणखान्याच्या रंगाचा रकाना माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. रंग हा महसुली खर्च. पाच-सात वर्षांत त्याची किंमत शून्य. आणि हप्ते असतात दोनशे चाळीस! वीस वर्षं हप्ते आपण भरायचे आणि भिंती रंगवायच्या त्या अजून न आलेल्या माणसाच्या आवडीने. तो येतो, मान डोलावतो, आणि पहिल्या आठवड्यात पेंटर बोलावतो.

यात रंगापेक्षा भीती जास्त आहे. कुणी नाव ठेवू नये, कुणी हसू नये, म्हणून आपण आपली आवड भिंतीआड लपवतो. मग बाहेरचा माणूस घरात आला की त्याला सोफा दिसतो, टीव्ही दिसतो. घरात कोण राहतं ते काही दिसत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा गावात शिरली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा आली. पाणी उतरल्यावर भिंतींवर एक रेघ राहिली. रेघेच्या वर घराचा रंग, खाली गाळाचा. वाळलेल्या गाळाचा तो रंग मी जवळून पाहिला आहे. शेडकार्डावर तो हुबेहूब मिळतो, फक्त नाव इंग्रजी असतं. आमच्या शाखेत पैसे काढायला आलेल्या एका म्हातारीला मी विचारलं, “मावशी, घराला आता कुठला रंग?” ती म्हणाली, “डाळिंबी. माती बघून बघून डोळं शिणलं बाबा.” तिच्याइतकं रंगशास्त्र माझ्या मेव्हण्याला कुणी शिकवलेलं नाही.

ज्याला वाळूचा रंग मनापासून आवडतो त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याने खुशाल द्यावा. तोही रंगच आहे. भांडण आहे ते ‘चालून जाईल’ म्हणून देणाऱ्यांशी. चालून जाईल म्हणून आपण भाजी घेत नाही, चप्पल तर मुळीच घेत नाही. मग भिंतीनेच काय घोडं मारलंय? निदान एक तरी भिंत अशी रंगवा, की शेजाऱ्याने दारातच थबकून विचारावं, “हे काय हो केलंत?” तेवढं विचारलं गेलं, की घर तुमचं झालं असं समजा. सातबारा आणि खरेदीखत नंतर बघू.