इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत नाही!

मंडळी, अकरावीच्या केमिस्ट्रीत आपल्यापैकी बहुतेकांच्या माथी एक थाप मारली गेलीये. पृथ्वी जशी सूर्याभोवती फिरता फिरता स्वतःभोवतीही फिरते, तसाच म्हणे इलेक्ट्रॉन! घड्याळाच्या दिशेने फिरला तर वरचा बाण, उलटा फिरला तर खालचा. एन, एल, एम, एस हे चार क्वांटम नंबर पाठ करा, चौथ्यापुढे अधिक-उणे अर्धा लिहा, मार्क घ्या आणि सुटा.

आता जरा हिशोब करू. पूर्वी इलेक्ट्रॉनची म्हणून जी त्रिज्या धरायचे (सुमारे २.८ फेम्टोमीटर), तेवढा भरीव गोळा घ्या. स्पिनइतका कोनीय संवेग मिळवायला तो किती जोरात फिरायला हवा? त्याच्या विषुववृत्तावरचा वेग येतो प्रकाशाच्या सुमारे १७० पट! गोळा आणखी लहान केला तर वेग आणखी वाढतो. आणि आजवरच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉनला आकारच सापडलेला नाही. बिंदू स्वतःभोवती फिरणार कसा?

बरं, ही अडचण काही आत्ता लक्षात आलेली नाही. १९२५ सालीच क्रोनिग नावाच्या तरुणाने ही कल्पना मांडली, पाउलीने ती उडवून लावली आणि बिचाऱ्याने ती छापलीच नाही. त्याच वर्षी लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिटने तोच विचार लिहून काढला. लॉरेंट्झने वेगाचा घोळ दाखवल्यावर दोघे घाबरले, पेपर मागे घेऊ म्हणाले. पण त्यांच्या गुरूंनी, एरनफेस्टनी, तो केव्हाच पाठवून दिला होता. स्पिन खरा ठरला, फिरणारा गोळा मात्र बाद झाला. नाव तेवढं चिकटून राहिलं.

यावर मास्तर लोकांचं ठरलेलं उत्तर: "अहो, मुलांना कळायला सोपं पडतं." कसलं सोपं? १९२२ मध्ये स्टर्न आणि गेरलाखने चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला. गोळे फिरत असते तर त्यांचे आस वाट्टेल त्या कोनात असते आणि पडद्यावर एक सलग पट्टा उमटला असता. उमटले दोन वेगळे ठसे. मधलं काही नाहीच! भोवऱ्याचं चित्र डोक्यात बसलेल्या मुलाला "दोनच का?" याचं उत्तर कधीच सापडणार नाही.

मग काय, स्पिन म्हणजे नुसतं लेबल? तेही नाही राव. लोखंडाची कांडी दोऱ्याला टांगून तिचं चुंबकत्व उलटं केलं की कांडी खरोखर वळते. आइनस्टाइन आणि डी हासने हा प्रयोग १९१५ मध्ये केला. म्हणजे कोनीय संवेग शंभर टक्के खरा, पण कशाच्याही फिरण्यातून न आलेला. वस्तुमान किंवा विद्युतभार जसा इलेक्ट्रॉनचा अंगचा गुण, तसाच हा. हे सांगायला कितीसा वेळ लागतो? आणि याच चौथ्या अंकामुळे एका ऑर्बिटलमध्ये दोनच इलेक्ट्रॉन मावतात, २, ८, १८ ची गणितं जमतात. आख्खं आवर्तसारणी त्यावर उभं आहे.

आमच्या धंद्यात जुन्या कोडमध्ये एखाद्या व्हेरिएबलचं नाव चुकीचं पडलेलं असतं. सगळीकडे वापरलं गेल्यामुळे ते बदलता येत नाही. मग शहाणा माणूस वर एक कमेंट टाकतो: नावावर जाऊ नका. पुस्तकवाल्यांनीही तेवढंच करावं, एक ओळ!

कारण खरं नुकसान मार्कांचं नाहीये. "सर, बिंदू फिरतो कसा?" असं विचारणारं पोर वर्गात एखादंच असतं. नेमकं त्यालाच आपण "जास्त डोकं चालवू नकोस" म्हणून खाली बसवतो. पाउलीला जो प्रश्न पडला, तोच त्याला पडलेला असतो. त्याला गप्प करून आपण विज्ञान शिकवतो म्हणे!