सहा तासांचा धडा

अर्थशास्त्राच्या वर्गात दक्षिण कोरियाचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो : "सर, पार्क चुंग-ही यांच्यासारखा खमक्या माणूस आपल्याला मिळाला असता तर?" विचारणारा विद्यार्थी हुशार असतो, त्याने आकडे वाचलेले असतात. १९६१ साली लष्करी उठाव करून पार्क सत्तेवर आले आणि १९७९ पर्यंत त्यांनी देश हाकला. त्याच काळात एका दरिद्री, शेतीप्रधान देशाचे निर्यातप्रधान औद्योगिक राष्ट्र झाले, हे खरेच आहे. मग विकासासाठी लोकशाही काही काळ गुंडाळून ठेवावी, असा निष्कर्ष काढला जातो. तो वर्गात ऐकू येतो, तसा कचेऱ्यांतही. ज्यांनी त्या विकासाची फळे चाखली, त्या कोरियन जनतेचेच मत मात्र कोणी विचारीत नाही. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री ते तिने दिले.

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास अध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. संसद व राजकीय पक्ष यांचे कामकाज, सभा, संप यांवर बंदीचा हुकूम निघाला. हेलिकॉप्टरांतून सैनिक संसदेच्या आवारात उतरले. तेथील राज्यघटनेच्या ७७ व्या कलमान्वये, एकूण सदस्यांच्या बहुमताने संसदेने मागणी केल्यास अध्यक्षाला लष्करी कायदा मागे घ्यावाच लागतो. प्रश्न होता तो सदस्यांनी सभागृहात पोहोचण्याचा. सभापती वू वॉन-शिक कुंपण चढून आत गेले. कर्मचाऱ्यांनी सामान रचून दारे अडविली. बाहेर सामान्य नागरिक सैनिकांच्या वाटेत उभे राहिले. रात्री एकच्या सुमारास हजर असलेल्या १९० सदस्यांनी एकमुखाने ठराव संमत केला. त्यांत सत्तारूढ पक्षाचेही १८ जण होते. पहाटे, अवघ्या सहा तासांत, लष्करी कायदा उठला.

हे श्रेय केवळ कलमाचे नव्हे. संसदेला असा अधिकार १९८० मध्येही होता. परंतु त्या वर्षीच्या मे महिन्यात सैन्याने सदस्यांना सभागृहात शिरूच दिले नाही आणि ग्वांगजू शहरात नागरिकांचे रक्त सांडले. तरतूद तीच होती. माणसे बदलली होती. ग्वांगजूची आठवण आणि १९८७ च्या जनआंदोलनाने मिळविलेली घटना यांच्या सावलीत दोन पिढ्या वाढल्या होत्या. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी यून यांना एकमताने पदच्युत केले. त्या निकालातही, संसदेला वेळेवर ठराव करता आला तो नागरिकांच्या प्रतिकारामुळे आणि सैनिक-पोलिसांनी हुकूम निरुत्साहाने पाळल्यामुळे, असे नमूद आहे.

अर्थात हे चित्र निर्भेळ नाही. महाभियोगाचा पहिला ठराव सत्तारूढ सदस्यांच्या बहिष्कारामुळे बारगळला. १४ डिसेंबरला दुसरा २०४ मतांनी संमत झाला. जानेवारीत यून यांच्या समर्थकांच्या जमावाने न्यायालयाच्या इमारतीत शिरून नासधूस केली. समाज दुभंगलेलाच होता. तरीही ३ जून २०२५ रोजी मतदान झाले आणि सत्तांतर शांततेने पार पडले. लोकशाहीचा चिवटपणा म्हणतात तो हाच.

राहिला प्रश्न विकासाचा. १९८७ साली कोरियाचे दरडोई उत्पन्न, चालू किमतींनुसार, साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होते. आज ते त्याच्या दसपट आहे. ही वाढ लोकशाहीत झाली.

१९७५ च्या आणीबाणीनंतर आपणही १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती केली. लोकसभेच्या एकदशांश सदस्यांना आता आणीबाणीविरुद्ध खास बैठक मागता येते आणि सभागृहाने साध्या बहुमताने नापसंती दर्शविल्यास ती उठवावी लागते. हे कलम आम्ही परीक्षेपुरते शिकवतो. ते वापरण्याची वेळ आलीच, तर कुंपण चढणारे सदस्य आणि वाटेत उभे राहणारे नागरिक लागतील, हे शिकवीत नाही.

विद्यार्थ्याला पार्क यांच्या काळातील निर्यातीचे आकडे जरूर द्यावेत. मात्र त्याच तासाला १९८० चा मे आणि २०२४ चा डिसेंबर हेही सांगावेत. निष्कर्ष त्याचा त्याला काढू द्यावा.