आठवीचे सात विषय आणि एक गांव

मुलगा अथवा मुलगी आठवी उत्तीर्ण झाली म्हणजे पुष्कळ घरांतून एक विचार बोलून दाखविला जातो. लिहितां-वाचतां आलें, हिशेब जमूं लागला, आतां शिक्षण पुरे. हाताला कांहीं काम लागलें तर बरें. घरची ओढाताण ज्यांनीं सोसली आहे त्यांच्या तोंडीं हा विचार आला तर त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु आठवींत मूल नेमकें काय शिकतें हें पाहिल्यावांचून असा निर्णय होत असेल, तर तो घाईचा होय.

आपल्याकडे आठवी ही हायस्कुलाची पहिली पायरी असें मानण्याचा जुना परिपाठ आहे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा मात्र तिला प्राथमिक शिक्षणाची शेवटची इयत्ता समजतो. एकाच वर्गास कोणी आरंभ म्हणावें आणि कोणी शेवट म्हणावें, अशी ही मौज आहे. प्रस्तुत लेखकाचें मत पहिल्या पक्षाचें आहे.

मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, आणि भूगोल असे सात विषय या वर्षीं असतात. विद्यार्थी त्यांच्या सात वह्या घालतात आणि या सात वह्यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं असें समजून चालतात. आम्ही शिक्षकही तासाची घंटा झाली कीं तसेंच समजतों! परंतु आठवी हें असें वर्ष आहे कीं, ज्यांत मुलास आपल्या गांवचा धंदा प्रथमच शास्त्रानें उलगडतां येऊं लागतो, आणि तो एका विषयानें उलगडत नाहीं.

वाशी तालुक्यांतील आपलें तेरखेडा शोभेच्या दारूसाठीं प्रसिद्ध आहे. फटाक्यांच्या दारूंत शोरा, गंधक व कोळसा असतो हें येथील लहान मूलही सांगेल. पण ती बंद नळींत, जेथें वारा शिरत नाहीं तेथें, कशी पेटते? याचें उत्तर आठवीच्या रासायनिक बदलाच्या पाठावरून कळतें. ज्वलनास लागणारा ऑक्सिजन शोऱ्यांतूनच मिळतो. म्हणून चुलींतील निखारा झांकला तर विझतो, पण ही आग नुसती झांकून विझत नाहीं. घर्षणानें वीज उत्पन्न होते हें आपण विजेच्या पाठांत शिकतों. कारखान्यांत सुती कपडे घालावेत, नायलॉनचे घालूं नयेत, या नियमाचें मूळ तेथें आहे. ज्यास हें कळलें त्यास तो नियम मालकाचा जाच वाटणार नाहीं. स्फोट होऊन माणसें दगावल्याच्या बातम्या आपल्या भागानें वाचल्या आहेत, तेव्हां हें ज्ञान केवळ परीक्षेपुरतें नाहीं.

आकाशांत उडणाऱ्या बाणाचा तांबडा रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांनीं येतो, हिरवा बेरियमच्या. येथपर्यंत विज्ञान. पण २०१८ सालच्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरण्यास मनाई केली, आणि येथें विज्ञानाची वही मिटून नागरिकशास्त्राची उघडावी लागते. हा दावा २०१५ सालीं दिल्लीच्या तीन तान्ह्या मुलांच्या नांवें त्यांच्या वडिलांनीं गुदरला होता. न्यायमंडळ म्हणजे काय, हें पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास याहून चांगलें उदाहरण कोठें मिळावें? आवाजाचेंही तसेंच आहे. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षां अधिक आवाज करणारा फटाका करणें वा विकणें नियमाविरुद्ध आहे. डेसिबल म्हणजे काय हें ध्वनीचा पाठ सांगतो, आणि हा नियम कोण करतें हें नागरिकशास्त्र.

भूगोलाचें थोडक्यांत सांगतों. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा बालाघाटचा मुलूख कोरडा आहे. ओलसर हवा दारूस मानवत नाहीं. तामिळनाडूंतील शिवकाशी येथेंही तेंच. पाऊस कमी म्हणून शेती अपुरी, आणि शेती अपुरी म्हणून माणूस अशा कामाकडे अगर ऊंसतोडीकडे वळतो; ही सांखळी आर्द्रतेच्या आणि उद्योगांच्या पाठांच्या मध्यें कोठेंतरी आहे, पण ती विद्यार्थ्यानें स्वतः जोडावयाची आहे.

आतां गणित. व्यस्त चलनाचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे: एक काम १० मजूर १२ दिवसांत करतात, तर २० मजूर किती दिवसांत करतील? उत्तर ६. तेंच दारू भरण्याच्या खोलीस लावून पाहा. तेथें एका वेळीं बोटांवर मोजण्याइतकींच माणसें असावींत असा स्फोटकांचा नियम आहे. हिशेब बरोबर, पण तो तेथें लावणें जिवावरचें! चक्रवाढ व्याजाची गोष्ट तर घरोघरची आहे. कोणी "दोन टक्क्यांनीं" १०,००० रुपये दिले आणि ते दरमहा दोन टक्के निघाले, तर सरळ व्याजानें वर्षाअखेर १२,४०० होतात. महिन्याचें व्याज मुदलांत मिळवीत गेल्यास १२,६८२. घातांक शिकलेली आठवींतील मुलगी हा हिशेब वडिलांस करून दाखवूं शकते. "दोन टक्के म्हणजे महिन्याचे कीं वर्षाचे?" हा एक प्रश्न तिनें कागदावर अंगठा उठण्यापूर्वीं विचारला, तरी तिचें वर्ष सत्कारणीं लागलें.

इतिहासाविषयीं पालकांत सर्वांत अधिक उदासीनता दिसते. पण हा जिल्हा १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या काळीं वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. याच जिल्ह्यांत हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली, व पुढें स्वामी रामानंद तीर्थ यांनीं तेथें शिकविलें. आपल्या भाषेंत शाळा मिळावी यासाठीं ज्या भागानें एवढें सोसलें, त्याच भागांत ती मध्येंच सोडली जावी, हें मनास लागतें. भाषाविषयांचें वेगळें काय सांगावें? कामाच्या जागीं लावलेली सूचना, विम्याचा कागद, अर्ज, हें सर्व वाचणें व लिहिणें त्यांतच येतें.

राहतां राहिला कायद्याचा प्रश्न. राज्यघटनेच्या २४ व्या अनुच्छेदानें १४ वर्षांखालील मुलांस कारखान्यांत व धोक्याच्या कामांत ठेवण्यास मनाई केली. शिवकाशीच्या बालकामगारांविषयींच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं अशा प्रत्येक मुलामागें मालकानें २०,००० रुपये भरावे असा निकाल दिला. पुढें २०१६ च्या दुरुस्तीनें १४ ते १८ वर्षांच्या मुलांसही स्फोटक पदार्थांच्या कामांत घेण्यास बंदी झाली. म्हणजे मोफत शिक्षणाचा हक्क आठवीस संपतो, आणि दारूकामाची बंदी अठराव्या वर्षापर्यंत चालते. मधल्या चार वर्षांत मुलानें काय करावें याचें उत्तर कायदा देत नाहीं. हा कायद्यांतील उणेपणा आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. तो दूर होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत त्या चार वर्षांची सोय शाळेनें व पालकांनीं मिळूनच केली पाहिजे. दहावी झाल्यावर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट खुली होते. त्यासाठीं दोनच वर्षें अधिक लागतात.

तेव्हां पालकांस विनंती एवढीच कीं, मे महिन्यांत निर्णय करण्यापूर्वीं एके संध्याकाळीं मुलास त्याच्या वह्या घेऊन जवळ बसवावें आणि घरच्या कर्जाचा हिशेब त्याच्याकडून करवून घ्यावा. त्यानंतर वर्गशिक्षकांस भेटावें. नववीचा प्रवेश जूनमध्यें होतो.